लाइट गेली तरी विसरणार नाही!

प्रोजेक्ट टाइप करून झालाय, सेव्ह करायचं राहिलंय आणि तेवढ्यात लाइट जाते. तळेगाव (श्यामजी पंत) असो की मुंबई, कॉम्प्युटरसमोर बसलेल्याचा जीव सारखाच हळहळतो. आपल्या कॉम्प्युटरमधली डीरॅम माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात ठेवते. तो भार गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की पाटी कोरी!

नव्या पिढीची मेमरी इथेच वेगळी ठरते. एमरॅम चुंबकत्वाच्या दिशेत माहिती साठवते, तर रीरॅम पदार्थाच्या बदलत्या विद्युतरोधात. वीज नसतानाही ती टिकते. मात्र डीरॅमइतकी साठवण तेवढ्याच पैशांत अजून जमलेली नाही.

वीज गेल्यावरही न विसरणाऱ्या मेमरीवर आपल्याकडेही काम झालंय बरं का! आयआयटी मुंबईतल्या प्रा. उदयन गांगुली यांच्या चमूची, एकदाच लिहिता येणारी ८ बिटची मेमरी मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीने १८० नॅनोमीटर उत्पादनासाठी स्वीकारली. २०२१ मध्ये ही घोषणा झाली. ती रॅमची जागा घेणार नाही. चिप तयार झाल्यावर केलेली बारीक दुरुस्ती मात्र कायम लक्षात ठेवते.

फिजिक्स, केमिस्ट्री, इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनो, या क्षेत्रावर नजर ठेवा. आणि तोवर? कंट्रोल-एस दाबत राहा!