आरोग्यविमा आणि रुग्णाच्या पदरचा खर्च : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात

विमा असूनही रुग्णालयाचे देयक चुकते करताना कुटुंबास पदरची मोठी रक्कम घालावी लागते, हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. त्याचे खापर बहुधा विमा कंपनीच्या अप्रामाणिकपणावर फोडले जाते. क्वचित तसे असेलही. परंतु या खर्चाचा पुष्कळसा भाग कराराच्या शब्दांतूनच उत्पन्न होतो, आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात त्यात अंतराची भर पडते.

भारतात व्यक्तिगत आरोग्यविमा सरकारी कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ या नावाने सुरू केला. रुग्णालयातील वास्तव्य हा त्याचा पाया होता व मुख्यत्वे आजही आहे. डायलिसिस, केमोथेरपी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांसारखे अपवाद वगळता २४ तास दाखल झाल्यावाचून सहसा दावा उभा राहत नाही. मधुमेहाच्या रुग्णाने वर्षानुवर्षे दरमहा घेतलेली औषधे या हिशेबात बहुधा येतच नाहीत. थोडक्यात, विमा उतरविला जातो तो खाटेचा, आजाराचा नव्हे.

खाटेचे भाडे हाच दुसरा, आणि सर्वांत कमी समजलेला, मुद्दा होय. कित्येक करारांत खोलीचे दैनिक भाडे विमा रकमेच्या १ टक्क्यापुरते मर्यादित असते. उदाहरणादाखल ३ लाखांचा विमा घेऊ. भाड्याची मर्यादा ३,००० रुपये, आणि रुग्ण राहिला ६,००० रुपयांच्या खोलीत, पाच दिवस. भाडे ३०,०००, शस्त्रक्रिया, भूल, परिचर्या इत्यादी १,२०,०००, औषधे व तपासण्या ५०,०००, हातमोजे व तत्सम किरकोळ वस्तू १०,०००, एकूण २,१०,००० रुपये. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची, म्हणून केवळ भाडेच नव्हे, तर शस्त्रक्रियादी खर्चही निम्माच मान्य होतो. या प्रमाणशीर कपातीतून औषधे, रोपित साधने व तपासण्या वगळाव्यात, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२० साली ठरवून दिले. त्यामुळे ते ५०,००० पूर्ण मिळतात. किरकोळ वस्तूंचे काहीच मिळत नाही. कंपनी देते १,२५,०००. रुग्ण भरतो ८५,०००, आणि तेही विमा रक्कम संपलेली नसताना! खोली निवडतेवेळी हा हिशेब नातलगांस कोणी सांगत नाही. त्या घटकेस तो विचारण्याचे भानही कोणास नसते.

पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. त्याची कमाल मर्यादा २०२४ साली चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणण्यात आली.

शासकीय योजनेचे स्वरूप वेगळे आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढील वर्षी राज्यभर लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०२३ च्या निर्णयाने संरक्षण दरसाल प्रतिकुटुंब ५ लाखांपर्यंत वाढले. येथे खोलीभाड्याचा प्रश्न नाही, कारण उपचार सर्वसाधारण कक्षात व ठराविक दराने होतात. मात्र उपचार यादीतील असावा लागतो व रुग्णालय अंगीकृत असावे लागते. मूळ योजनेच्या दरात रुग्णालयातून घरी परतण्याचे एस. टी. किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले होते. घरून रुग्णालयात जाण्याचे नव्हते.

रत्नागिरीत खरा खर्च या जाण्याचाच आहे. जिल्हा रुग्णालय आहे, २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे, चिपळूणजवळ डेरवणचे मोठे रुग्णालय आहे. तथापि गुंतागुंतीच्या आजारात आंबा घाट ओलांडून सुमारे १३० किलोमीटरवरील कोल्हापूर किंवा त्याहून कितीतरी दूरची मुंबई गाठावी लागते. खासगी विम्यात रुग्णवाहिकेसाठी बहुधा अल्प मर्यादा असते. सोबतच्या नातलगाचे राहणे-जेवण व बुडालेली मजुरी यांना मात्र कोणत्याच रकान्यात जागा नसते. हंगामात आजार आला, तर आंब्याची बाग राखणीवाचून पडते, तो तोटा निराळाच.

गिरणगावात कोकणातील गावांच्या सामाईक खोल्या असत. गावाहून आलेला रुग्ण व त्याची सोबत तेथे उतरत. अनोळखी शहरात इस्पितळाची वाट दाखविण्यास गाववाला मिळे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमाने बंद पडल्या, आणि या खोल्यांपैकी पुष्कळशा उठल्या. कोणत्याही करारात न लिहिलेला तो विमा होता. रुग्णाबरोबर आलेल्या माणसाचा भार उचलणारी तरतूद आजच्या सर्वसाधारण विमापत्रात अभावानेच आढळते.