मोबाईल भिजला तरी फोटो-पावत्या शाबूत


सोयाबीनच्या नुकसानीचे फोटो, सातबारा, बियाण्याचं बिल, विम्याची पावती सगळं एकाच मोबाईलमध्ये असतं. तो पावसात बंद पडला की पंचाईत. म्हणून गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू करा. घरी वायफाय नसेल तर मोबाईल डेटावर बॅकअपची परवानगीही द्या, नाहीतर फोटो वर चढतच नाहीत. व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. पीडीएफ पावत्या गूगल ड्राइव्हमध्ये टाका. जीमेल धरून 15 जीबी फुकट आहे, आपल्याला पुरते.

मग तोच जीमेल आयडी दुसऱ्या फोनमध्ये टाकला की रिसोडचा फोटो पुण्यातल्या पोरालाही दिसतो. पण गूगल फोटोजमध्ये एका फोनवर डिलीट केलं की सगळीकडून जातं! ट्रॅशमधून 60 दिवसांत परत आणता येतं, नंतर नाही. फोन भरला तर त्याच ॲपमधला जागा मोकळी करण्याचा पर्याय वापरा. फोनमधली प्रत जाते, वरची राहते.

अन् आयडी मोबाईल दुकानदारानं काढून दिला असेल तर पासवर्ड आजच बदला, डायरीत लिहा. नवीन फोन घेतल्यावर तोच लागतो. अडलं तर फोन घेऊन कंपनीच्या ऑफिसात या.

– आपला कृषी सल्लागार