आधी डेटा, मग दुरुस्ती

सकाळी ८. म्हैसूरच्या अशोकपुरमहून चामराजनगरची पॅसेंजर पकडली की कडकोळ जवळच. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हरचा सेट, मऊ ब्रश, थर्मल पेस्ट, एसएसडी, जुन्या रॅमच्या पट्ट्या आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह. आम्ही मूळचे विट्याकडचे. सोनं गाळायच्या धंद्यापायी सांगली जिल्ह्यातली कितीतरी गलाई घरं दक्षिणेत पसरली, तसेच वडील म्हैसूरला आले. मी कॉम्प्युटर दुरुस्तीत पडलो.

९ वाजता औद्योगिक वसाहतीतल्या उदबत्तीच्या कारखान्यात पोचलो. हिशेब बघणाऱ्या ताई बेळगावच्या, त्यामुळे बोलणं मराठीतच.

"दादा, लॅपटॉपचा माउस हलतो, पण क्लिक केलं की काहीच होत नाही. मग पाच मिनिटांनी सगळं एकदम उघडतं. फॉरमॅट मारून टाका ना."

"फॉरमॅटचं नंतर बघू, ताई. नेमका कधी अडकतो?"

हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. सुरू केल्यापासूनच रडतखडत चालत असेल तर रॅम कमी पडतेय. अर्ध्या तासाने मंदावत असेल तर तापतोय. ठरावीक फाइलवर अडकत असेल तर डिस्कचा संशय घ्यायचा. ताई म्हणाल्या, "गेल्या वर्षीचं टॅली उघडलं की हमखास."

टास्क मॅनेजर उघडला. डिस्क १०० टक्के व्यस्त, आणि वाचनाचा वेग सेकंदाला १ एमबीसुद्धा नाही. धडधाकट हार्ड डिस्क दहा-वीस मिलिसेकंदांत उत्तर देते, हिला हजारो लागत होते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’समोर शून्य असायला हवं, इथे तसं नव्हतं. म्हणजे काही जागा वाचताच येत नव्हत्या. डिस्क त्याच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि विंडोज तिच्यासाठी खोळंबून राहतं. त्यात कुणीतरी दोन अँटिव्हायरस आणि एक ‘स्पीड वाढवणारं’ सॉफ्टवेअर घालून ठेवलेलं. तिन्ही मिळून त्या मरायला टेकलेल्या डिस्कलाच दिवसभर राबवत होती. याचा मला मनापासून राग येतो. अशा वेळी डीफ्रॅग, चेकडिस्क, फॉरमॅट यांतलं काहीही चालवणं म्हणजे उरलासुरला डेटा घालवणं. जीएसटीच्या कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. लॅपटॉप नवा मिळतो, ते हिशेब मिळत नाहीत.

लॅपटॉप बंद केला. इतक्यात फाटकावरून निरोप आला, माल भरलेली लॉरी ई-वे बिलासाठी उभी आहे. ते पोर्टलवर होतं, कुठूनही काढता येतं. ताईंनी मालकांच्या कॉम्प्युटरवरून काढलं आणि लॉरी नंजनगूड रस्त्याला लागली.

१० वाजता डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि तिची नकल काढायला लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावला. हा प्रोग्रॅम आधी चांगला भाग पटापट उचलतो, अडणाऱ्या जागा मागे ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. घाई करायची नाही, डिस्कला हलवायचं नाही.

तेवढ्यात पंखा उघडला. पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या जाळीच्या मधोमध काळा, दाबून बसलेला थर होता, नमद्यासारखा. चिमट्याने उचलला तर अख्खा निघाला आणि टेबलावर चंदनाचा वास सुटला. उदबत्तीच्या मसाल्यात कोळशाची पूड असते, तीच धाग्यांत अडकून बसलेली. कोळशाच्या पुडीतून वीज वाहू शकते, म्हणून ती तोंडाने फुंकून बोर्डावर उडवायची नाही. ब्रशने बाहेरच्या बाजूला ओढायची. प्रोसेसरवरची पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. उष्णता बाहेर पडली नाही की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो, म्हणजे मंदपणाचं दुसरं कारणही इथेच होतं. जुनी पेस्ट पुसून नवी लावली. असला मदरबोर्ड हातात आला की मला याच रस्त्यावरचं पुढचं नंजनगूड आठवतं. तिथे एटी अँड एसच्या कारखान्यात सर्किट बोर्ड बनतात.

दुपारी जेवण उरकून पाहिलं, तर नकल पूर्ण. थोडेच सेक्टर गेले होते, त्यात एक जुनी पीडीएफ. टॅलीचा डेटा शाबूत.

२ नंतर एसएसडी बसवली. रॅम ४ जीबीची ८ केली. मशीन २०१५चं, डीडीआर३एलचं, आजची पट्टी त्यात बसतच नाही. अकाउंटचं सॉफ्टवेअर विंडोजचंच, म्हणून विंडोज १०. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि या पाचव्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ची अधिकृत परवानगी नाही. मालकांना स्पष्ट सांगितलं: वाढीव सुरक्षा अपडेट पैसे भरून मिळतात, पण कायमचे नाहीत, बँकेचे व्यवहार यावर करू नका, आणि पुढच्या वर्षी नव्याची तरतूद ठेवा.

साडेचारला टॅली उघडलं, पटकन. पण वेगावर मी समाधान मानत नाही. ताईंकडे मार्चअखेरची छापील ट्रायल बॅलन्स होती. ती आणि पडदा शेजारी ठेवून एकेक खातं जुळवलं. सगळी बेरीज जुळली, तेव्हा कुठे बरं वाटलं. जुन्या डिस्कवर ‘वापरू नये’ लिहून ती कपाटात ठेवायला दिली. रोज संध्याकाळी बॅकअप, एक ऑफिसात आणि एक घरी, हे ताईंनी वहीत लिहून घेतलं.

निघताना त्या म्हणाल्या, "दादा, पॅकिंगमधलाही एक असाच अडकतो. सुरू करून दाखवू?"

"नको ताई, बंदच राहू द्या. उद्या येतो, आधी त्याची नकल काढू."