दिशा ठाऊक नसते तेव्हा

मेढ्याच्या दक्षिणेचा डोंगर चढून वर आले की कासचा सडा लागतो. पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना युनेस्कोने 2012 साली जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हा सडा आहे. पावसाळ्याच्या अखेरीस इथल्या फुलांची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. त्या फुलांखालची पाने मात्र सहसा कुणी पाहत नाही, आणि सड्यावर तगून राहण्याची निम्मी युक्ती तर पानांच्या मांडणीतच आहे. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची ड्रोसेरा बर्मानी ही जात घ्या. तिची पाने एका मध्याभोवती जमिनीला चिकटून पसरलेली असतात आणि सगळे रोप रुपयाच्या नाण्याएवढे असते. गेंदाची बारीक, टोकदार पाने तळाशीच चहूबाजूंनी फाकतात. मधून सडसडीत दांडे वर येतात आणि त्यांच्या टोकाला पांढरे गोंडे धरतात. मुसळीच्या काही जातींची पानेही अशीच बुंध्याशी झुबक्याने येतात. या मांडणीला वनस्पतिशास्त्रात रोझेट म्हणतात. गर्भविज्ञानात, कर्करोगाच्या निदानात, हिवतापाच्या अभ्यासात, पेशीभित्तीच्या संशोधनात आणि धरणे, पूल, विमाने यांवरचा ताण मोजणाऱ्या अभियंत्यांच्या कामातही रोझेट भेटतात.

एकच आकार इतक्या ठिकाणी दिसला की त्यामागे विश्वाचे एखादे गुप्त गणित आहे असे मानायचा मोह होतो. दुसरे टोक म्हणजे सगळा योगायोग म्हणून विषय सोडून देणे. मला दोन्ही मान्य नाहीत. हे सारे रोझेट एकाच कारणाने घडत नाहीत, हे पुढे दिसेलच. पण त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मुळाशी एकच अडचण आहे. महत्त्वाची गोष्ट कोणत्या दिशेने येणार हे आधी ठाऊक नसते. जेव्हा एका दिशेला दुसरीपेक्षा जास्त मोल देण्याचे कारण नसते, तेव्हा मध्याभोवती सर्व बाजूंना सारखे पसरणे हाच सर्वांत कमी धोक्याचा मार्ग उरतो. या म्हणण्याची परीक्षाही घेता येते. ते खरे असेल, तर दिशा ठाऊक होताच रोझेट मोडला पाहिजे.

आधी सड्यावरच पाहू. जांभा दगडावर मातीचा थर जेमतेम, पोषकद्रव्ये अपुरी, वारा बेफाम, आणि वाढीला मिळतात ते पावसाळ्याचे मोजके महिने. अशा ठिकाणी खोड उंच नेण्यात अन्न खर्च करणे परवडत नाही. पेरे आखूडच राहतात आणि पाने एकावर एक येऊन जमिनीलगत चक्र धरतात. प्रकाशाचे गणितही याला अनुकूल आहे. कासचे अक्षांश साधारण पावणेअठरा अंश. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य इथे भरदुपारी थेट डोक्यावर असतो. मधल्या काळात तो किंचित उत्तरेला असतो, नंतर दक्षिणेला सरकतो. पण हे महिने बहुतांशी ढगांचे आणि धुक्याचे असतात, त्यामुळे उजेड सगळ्या आभाळातून पाझरतो. दिशा नसलेल्या उजेडाला दिशा नसलेली मांडणी, असा हा मेळ आहे. त्याच डोंगराच्या उतारावर, जिथे माती थोडी बरी आहे आणि शेजाऱ्यांची गर्दी आहे, तिथे कारवी माणसाहून उंच होते. कारण तिथे प्रकाश कोणत्या बाजूला आहे हे पक्के ठरलेले असते. तो फक्त वर आहे. सड्यावर घातलेल्या तारेच्या कुंपणावरून जो वाद झाला, त्याच्या गाभ्याशी हाच प्रश्न होता. गुरांची चराई थांबली की उंच गवत माजते आणि बुटक्या वनस्पती त्याखाली दबतात, असा आक्षेप घेतला गेला. पुढे ते कुंपण काढण्यातही आले. रोझेटला उघडे आभाळ लागते, आणि इथे ते उघडे ठेवण्यात गुरांच्या तोंडाचाही वाटा आहे.

दिशा कळताच रोझेट मोडतो, याचा नेमका पुरावा अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्यावर मिळाला आहे. शेजारच्या झाडाच्या पानांवरून परतलेल्या प्रकाशात दूरलाल किरणांचे प्रमाण वाढते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की ज्या पानाच्या टोकाला हा बदल जाणवतो, तेच पान देठापासून उचलले जाते. बाकीची पाने आडवीच राहतात. म्हणजे चक्राची सममिती सगळीकडून सारखी ढासळत नाही. जिकडून खबर आली तिकडचीच बाजू हलते.

इथे पहिला आक्षेप येणार, तो सुवर्णकोनाचा. लागोपाठच्या दोन पानांत 137.5 अंशांचा कोन असतो, सूर्यफुलाच्या तबकडीत 34, 55, 89 अशा फिबोनाची संख्यांची सर्पिले दिसतात. मग रोझेटचे मूळ या गणितात नाही काय? कोन खरा आहे, पण त्याला कारणाचा मान देणे चूक आहे. नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून सर्वांत मोकळ्या जागी फुटतो, हा नियम होफमाइस्टरने 1868 सालीच मांडला होता. 2003 साली रेनहार्ट आणि सहकाऱ्यांनी त्यामागची यंत्रणा दाखवली. वाढत्या टोकावरचे ऑक्झिन हे संप्रेरक आधीचे अंकुर आपल्याकडे ओढून घेतात आणि त्यांच्यापासून दूर, जिथे ते साठते, तिथेच पुढचा अंकुर येतो. त्याआधी 1992 साली दुआदी आणि कुदेर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी तेलाच्या थाळीत मध्यभागी चुंबकीय द्रवाचे थेंब सोडले होते. थेंब एकमेकांना दूर लोटत बाहेर सरकले आणि त्यांच्या रांगांतून तीच सर्पिले उमटली. त्या थाळीत ना जनुक होते ना हेतू. कार्ल निक्लस यांनी 1988 मध्ये संगणकी प्रारूपांवर दाखवले की पानाचा आकार आणि पेऱ्यांची लांबी बदलली तर कोन कमी-जास्त असूनही जवळपास तेवढाच प्रकाश मिळवता येतो. आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंग्लंडमध्ये नागरिकांच्या मदतीने 657 सूर्यफुले तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या सर्वांत भरवशाच्या 768 सर्पिलसंख्यांपैकी 565 फिबोनाची निघाल्या. प्रमाण मोठे आहे, पण नियमाला अपवाद नाही असे म्हणता येत नाही. सुवर्णकोन हा दाटीवाटीत जागा शोधण्याचा निष्कर्ष आहे. जागा सगळ्या बाजूंनी का शोधायची, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

अभियंत्यांनी सूर्यफुलाची नक्कल केली तेव्हा हा फरक फार स्पष्ट झाला. स्पेनमध्ये सेव्हियाजवळच्या पीएस-10 या सौरऊर्जा केंद्रात मनोऱ्यासमोर 624 आरसे आहेत. सूर्य हलेल तसे वळत ते किरण मनोऱ्यावर टाकतात. 2012 साली नून, टोरिलहोन आणि मित्सोस यांनी संगणकावर या आरशांची मांडणी सूर्यफुलासारख्या सर्पिलात करून पाहिली. कार्यक्षमता थोडी वाढली आणि जागा 15 टक्क्यांहून अधिक वाचली. ही बातमी गाजली, पण तिच्यातला महत्त्वाचा तपशील फारसा सांगितला जात नाही. ते सर्पिल पूर्ण फुलाचे नाही. सेव्हियाचे अक्षांश 37 अंशांच्या पुढे, सूर्य मध्यान्ही नेहमीच दक्षिणेला; म्हणून आरसे मनोऱ्याच्या उत्तरेलाच पंख्यासारखे पसरलेले आहेत. दिशा ठाऊक होती म्हणून फुलातली एक फोड उचलली. कासच्या दवबिंदूने अर्धे चक्र सोडून देण्याचे कारण नव्हते.

माझ्या मुद्द्याचा सर्वांत निखळ पुरावा मात्र धातूच्या एका इवल्याशा पट्टीत आहे. 1938 साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी स्वतंत्रपणे असे साधन केले की पृष्ठभागावर चिकटवलेली बारीक तार त्याच्यासोबत ताणली गेली की तिचा विद्युत रोध बदलतो, आणि त्या बदलावरून पृष्ठभाग किती ताणला गेला ते कळते. हे ताणमापक एकाच दिशेतला ताण सांगते. पण वस्तूच्या पृष्ठभागावर एका बिंदूपाशी ताणाची अवस्था पूर्ण कळण्यासाठी तीन संख्या लागतात. काटकोनातल्या दोन दिशांतले ताण आणि त्यांच्यामधला कर्तन. म्हणून अभियंते तीन ताणमापके एका बिंदूभोवती 0, 45 आणि 90 अंशांवर, किंवा 0, 60 आणि 120 अंशांवर बसवतात. हाच त्यांचा रोझेट. मुख्य ताण कोणत्या दिशेत आहे हे आधी माहीत नसेल तेव्हाच तो लागतो. आतून दाब असलेल्या नळकांड्यासारखी वस्तू असेल, जिथे मुख्य दिशा आकारावरूनच कळतात, तिथे काटकोनातली दोन मापके पुरतात. नुसत्या ताणल्या जाणाऱ्या सळईला एकच पुरते. एकेक दिशा कळत जाते तशी रोझेटची एकेक पाकळी गळते. अज्ञान किती आहे ते इथे पाकळ्यांवरून मोजता येते.

हे अज्ञान किती महाग पडू शकते, याचे उदाहरण कासच्या पश्चिमेलाच आहे. सड्यावरून बामणोलीला उतरले की शिवसागर लागतो, तो कोयना धरणाचा जलाशय. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात 103 मीटर उंचीच्या या धरणाच्या काही खंडांना, मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीजवळ, दोन्ही अंगांनी भेगा गेल्या. पुढे त्याला मागून आधार देऊन बळकट करावे लागले. धरणाच्या आतल्या कंपनमापकाने त्या पहाटे जी नोंद केली, ती जगभरच्या धरण अभियंत्यांनी पुढे दशकानुदशके अभ्यासली. धरणाच्या लांबीच्या दिशेत गुरुत्वत्वरणाच्या 0.63 पट, प्रवाहाच्या दिशेत 0.49 पट आणि उभ्या दिशेत 0.34 पट. काँक्रीटच्या धरणाला धोका प्रवाहाच्या दिशेने, कारण पाणी तिकडूनच रेटते, ही मनात बसलेली समजूत आहे. जमिनीने सर्वांत मोठा हिसका आडव्या बाजूला दिला. ते उपकरण एकाच दिशेचे असते तर ही गोष्ट कधी उमगली नसती.

आता जीवशास्त्रातले आक्षेप घेऊ, कारण तिथे माझे म्हणणे सर्वत्र टिकत नाही. हिवतापात प्लाझमोडियम फॅल्सिपेरमने बाधित झालेली तांबडी पेशी निरोगी पेशींना चिकटवून भोवती चक्र जमवते. अशी चक्रे सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवतात आणि गंभीर आजाराशी त्यांचा संबंध दिसतो. ओ रक्तगटात ती तुलनेने कमी आणि सैल बनतात. इथे कुठल्या दिशेचा शोध नाही. चिकट गोळ्याला सगळीकडून वस्तू चिकटतात, इतकेच. डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा या अर्बुदात पेशी पोकळ मध्याभोवती उभ्या राहतात. फ्लेक्सनरने 1891 मध्ये आणि विंटरस्टायनरने 1897 मध्ये त्यांचे वर्णन केले आणि विकृतिशास्त्रज्ञ आजही त्यांवरून निदान करतात. दृक्पटलाची रचना उभारण्याचा तो विस्कटलेला प्रयत्न आहे. पेशीभित्तीतले उदाहरण तर माझ्या सूत्राला सरळ नकार देते. वनस्पतिपेशीच्या पटलात सेल्युलोज विणणारी प्रथिनसंकुले सहा पाकळ्यांचा रोझेट करून असतात. म्युलर आणि ब्राउन यांनी 1980 साली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. काही शैवालांत आणि जीवाणूंत हीच संकुले सरळ रांगेत असतात. मांडणी बदलली की निघणाऱ्या तंतूचे रूपही बदलते. इथे चक्राचा संबंध धाग्याच्या घडणीशी आहे, अनिश्चिततेशी नाही. तेव्हा आकार दिसला म्हणून कारण गृहीत धरू नये, ही अट मला माझ्या स्वतःच्या सिद्धान्तालाही लावली पाहिजे.

पण फळमाशीच्या गर्भातला रोझेट वेगळे काही शिकवतो. गर्भ लांब होताना पेशींच्या कडा एका दिशेत आखडतात आणि पाच किंवा अधिक पेशी एका बिंदूशी भेटतात. 2006 साली झालेन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की ही चक्रे काही मिनिटांनी उलगडतात, आणि उलगडतात ती आधीच्या दिशेला काटकोनात. असे घडत घडत ऊतक दुपटीहून अधिक लांब होते. दिशा ठरवणारी प्रथिने आधीपासून हजर असतात, म्हणजे अज्ञान नाही, हे मान्य. तरीही दिशा बदलायची तर मधल्या क्षणी कोणत्याही दिशेला न झुकलेली अवस्था लागते, आणि ती इथे रोझेटच्या रूपाने येते.

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरली गेली, ती म्हणजे मध्य. रोझेट दिशेचा प्रश्न सोडवतो, पण केंद्र त्याला कुणीतरी द्यावे लागते. रोपाला ते वाढत्या टोकातून मिळते, आरशांना मनोऱ्यातून, ताणमापकाला अभियंत्याने निवडलेल्या बिंदूतून. मानवी मूलपेशींपासून मेंदूच्या ऊतकाचे नमुने वाढवणाऱ्यांपुढे नेमकी हीच अडचण आहे. 2001 साली झांग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या पेशी चेतापेशींकडे वळताना आपोआप रोझेट करतात. भ्रूणातल्या चेतानलिकेला एकच पोकळी असते. थाळीतल्या गोळ्यात मात्र पेशींना एक मध्य मिळत नाही, त्यामुळे अनेक रोझेट शेजारी शेजारी उगवतात आणि प्रत्येक आपल्याभोवती वेगळा मेंदू रचू लागतो. 2018 साली विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी पेशींना आधारासाठी सुमारे पाव मिलिमीटर व्यासाच्या गोल ठिपक्यांपुरतीच जागा दिली. तेवढ्या जागेत बहुतेक ठिकाणी एकच रोझेट उभा राहिला. पेशींना कुठलीही दिशा सांगितली नव्हती, फक्त कड कुठे आहे ते सांगितले होते. ठिपका मोठा केला की रोझेटांची संख्या पुन्हा वाढते.