श्रवणचाचणी : डायल माणसाच्या हाती की संगणकाच्या?

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात प्रेसशॉप, फोर्जिंग आणि ग्राइंडिंगमध्ये काम करणाऱ्यांच्या कानांची तपासणी आता लॅपटॉपला जोडलेल्या यंत्रावरही होते. तंत्रज्ञाने डायल फिरवण्याऐवजी संगणकच सूर पाठवतो आणि आलेख छापतो. त्यामुळे ‘संगणकाचा रिपोर्ट म्हणजे अचूक’ असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे.

या यंत्राला ऑडिओमीटर म्हणतात. साधारण ५०० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ते हेडफोनमधून एकेका कानाला ऐकवते. सूर ऐकू आला की कामगाराने बटण दाबायचे. मग आवाज १० डेसिबलने कमी केला जातो. ऐकू आला नाही तर ५ डेसिबलने वाढवला जातो. असे करत, ज्या सर्वांत हळू आवाजाला निम्म्या वेळा तरी प्रतिसाद मिळतो, तो आलेखावर मांडतात. डायल हाताने फिरवला काय किंवा आज्ञा यूएसबीच्या वायरीतून गेली काय, पद्धत तीच.

चाकणच्या टेस्टिंग लाइनवर काम करणाऱ्यांना ‘लोकल’ आणि ‘रिमोट’ हा फरक नवा नाही. मीटर संगणकाच्या ताब्यात गेला की समोरची बटणे बहुधा बंद होतात. ‘लोकल’ दाबले की पुन्हा सुरू होतात. चाचणी मध्येच कुणाचे बोट लागून बिघडू नये, हा त्यामागचा हेतू.

संगणक थकत नाही आणि आकडे उतरवताना चुकत नाही. दोन सुरांमधले अंतर तो बदलत ठेवतो, त्यामुळे अंदाजाने बटण दाबणारा सापडतो. मुख्य म्हणजे गेल्या वर्षीचा आलेख तो यंदाच्या शेजारी मांडतो. अनुभवी तंत्रज्ञ मात्र माणसाकडे पाहतो. समोरच्याला सूचना कळलेली नाही, रात्रपाळीमुळे त्याचे डोळे मिटताहेत, किंवा कानातल्या शिट्टीमुळे त्याचा गोंधळ होतोय, हे ओळखून तो थांबतो आणि चाचणी पुन्हा घेतो.

दोन गोष्टी मात्र यंत्राला आपोआप कळत नाहीत. पहिली, खोलीतला आवाज. बाहेर कॉम्प्रेसर चालू असेल तर खालच्या पट्टीचे सूर त्यात बुडतात. एकाच दिवशी तपासलेल्या बहुतेकांना ५०० हर्ट्झवर कमी ऐकू आले, तर आधी खोली तपासावी, मग कान. दुसरी, कामगार कुठून आला. आठ तास गोंगाटात राहिलेला कान काही काळ बधिर असतो. विश्रांतीनंतर तो बराच सावरतो. म्हणूनच पहिल्या, पायाभूत चाचणीआधी १४ तास कामाच्या गोंगाटापासून दूर राहावे, असा अमेरिकेतला नियम आहे. पाळी सुटल्याबरोबर केलेली चाचणी तात्पुरता आणि कायमचा दोष वेगळा करू शकत नाही.

कायमचा दोष गुपचूप येतो. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आलेखात पहिला खड्डा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. त्या वेळी बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ असे वर्ण निसटतात. घरचे म्हणतात, “लक्ष नसतं तुमचं!” भारतात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे, ८५ च्या वरच कानाला धोका सुरू होतो, असे आरोग्यतज्ज्ञ मानतात. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हा डॉक्टरने सरकारला कळवणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य आजार आहे. तो भरपाईलाही पात्र ठरू शकतो. पण त्यासाठी आधीचा आलेख हाती असावा लागतो.

अडचण इथेच आहे. कंत्राटी कामगाराचा ठेकेदार बदलतो, कारखाना बदलतो आणि जुना आलेख मागच्या कारखान्याच्या लॅपटॉपमध्ये राहतो. म्हणून कामावर रुजू होतानाच पहिली चाचणी मागावी. तपासणाऱ्याला आपली पाळी कधी सुटली ते आपणहून सांगावे, यंत्राचे कॅलिब्रेशन वर्षभरात झाले आहे का ते विचारावे. आणि दरवर्षीच्या आलेखाची छापील प्रत घरी रेशनकार्डाच्या फाइलमध्ये जपून ठेवावी.