आधी फरशी, मग पाय, मग चाक

नांदेड जिल्ह्यात हॉकी म्हटले की नांदेड शहरातले मैदान आठवते. गुरू गोविंदसिंगांच्या नावाने भरणारी सुवर्ण आणि रौप्य चषकाची अखिल भारतीय स्पर्धा, त्यासाठी बाहेरून येणारे संघ, मैदानाच्या कडेने उभे राहिलेले हौशी लोक. या हॉकीचे एक धाकटे भावंड आहे आणि ते चाकांवर खेळतात. चारी बाजूंनी कठडा असलेली सपाट जमीन, प्रत्येक बाजूला चार खेळाडू आणि एक गोलरक्षक, चेंडूऐवजी पक नावाची चपटी चकती, आणि प्रत्येकाच्या पायात एका रांगेत चार चाके लावलेले बूट. हीच इनलाइन हॉकी. दोन पुढे, दोन मागे अशा चाकांच्या स्केट्सवर चेंडूने खेळतात ती रोलर हॉकी. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धांमध्ये दोन्ही खेळल्या जातात.

हा परिचय त्या बुटाचा आहे. याच जिल्ह्यातल्या देगलूरसारख्या गावातले पोर या खेळाकडे वळते तेव्हा पहिली अडचण त्या बुटाचीच येते. राष्ट्रीय महामार्ग 161 धरून संगारेड्डीवरून हैदराबाद गाठायचे, नाहीतर नांदेड, पुणे. किंवा फोनवर चित्र पाहून खोके मागवायचे. दुकानदार पायाचा नंबर विचारतो, बजेट विचारतो आणि जोड पुढे ठेवतो. मूल कोणत्या जमिनीवर खेळणार, त्याचे वजन किती, पाऊल रुंद की निमुळते, हे सहसा कोणी विचारत नाही. खरे तर निवड याच तीन प्रश्नांपासून सुरू व्हायला हवी. आधी फरशी, मग पाय, मग चाक. हा क्रम पाळला तर मध्यम किमतीचा जोडही छान साथ देतो, आणि चुकला तर सर्वांत महागडा जोडही महिन्याभरात माळ्यावर जातो.

चाकाच्या बुटाचा इतिहास अडीचशे वर्षांहून जुना आहे. 1760 च्या सुमारास जोसेफ मर्लिन या कारागिराने लंडनमध्ये चाके लावलेले बूट वापरले. ते वळत नव्हते आणि थांबतही नव्हते. 1819 मध्ये फ्रान्समध्ये पेतिब्लेदने एका रांगेतल्या चाकांच्या स्केटचे पेटंट घेतले, तरी वळण्याचा प्रश्न कायम राहिला. तो सोडवला अमेरिकेच्या जेम्स प्लिम्प्टनने, 1863 मध्ये, चाकांच्या दोन जोड्या आणि मध्ये लवचीक आधार घालून. शरीर ज्या बाजूला कलेल त्या बाजूला स्केट वळू लागले. पुढची शंभर वर्षे चार कोपऱ्यांच्या स्केट्सचेच राज्य होते. एका रांगेतली चाके परत आणली ती बर्फावरच्या हॉकीने. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या ओल्सन बंधूंना उन्हाळ्यात, बर्फ नसताना, सराव करायचा होता. जुन्या इनलाइन स्केटवरून त्यांनी नवे बनवले आणि त्यातून रोलरब्लेड हे नाव जगभर गेले. म्हणजे इनलाइन स्केटचा हा नवा जन्मच हॉकीसाठी झाला. 1995 मध्ये शिकागोला इनलाइन हॉकीची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आता एक जोड समोर टेबलावर ठेवून खालून वर पाहू. सुरुवात जमिनीपासून.

आपल्या भागात मुलाला सरावाला मिळते ती जमीन बहुधा चार प्रकारची असते. शाळेपुढचा सिमेंटचा कोबा, शहाबादी फरशीचे अंगण, मंगल कार्यालयातली चकचकीत टाईल्सची फरशी आणि वस्तीतला डांबरी रस्ता. स्पर्धेच्या ठिकाणी घोटलेले सिमेंट असते किंवा एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या लाद्या. चाक पॉलियुरेथेनचे असते आणि त्याचा कडकपणा आकड्यात छापलेला असतो, पुढे ए हे अक्षर. 72 ए ते 76 ए म्हणजे मऊ, 78 ते 80 मधले, 82 पासून वर कडक. मऊ चाक जमिनीला धरून ठेवते पण लवकर झिजते. कडक चाक टिकते, वेगाने पळते, पण गुळगुळीत जागी घसरते. म्हणून प्लास्टिकच्या लाद्यांवर आणि चकचकीत टाईल्सवर मऊ चाक लागते. खरखरीत कोब्यावर आणि डांबरावर 82 ते 85 ए चालते. तिथे मऊ चाक घातले तर खोडरबरासारखा त्याचा भुगा होतो. शहाबादी फरशीवर वेगळी काळजी घ्यावी लागते. तिच्या सांध्यांत पुढचे चाक आदळते, म्हणून त्या अंगणात सराव करायचा तर आधी सांधे भरून घ्यावेत.

जमिनीनंतर वजन. 40 किलोचे मूल एका पायावर तोलते तेव्हा प्रत्येक चाकावर सरासरी दहा किलो भार येतो, 80 किलोच्या गड्याच्या चाकावर वीस. चाक तेच असले तरी मुलाला ते कडक लागते आणि त्या गड्याला मऊ. त्यामुळे एकाच संघात, एकाच जमिनीवर, हलक्या खेळाडूने एक-दोन पायऱ्या मऊ चाक घ्यावे. थोरल्या भावाचे उतरलेले चाक धाकट्याच्या बुटाला लावले की धाकटा वळणावर का घसरतो, त्याचे उत्तर या हिशेबात आहे. पोराला दोष देण्याआधी चाकावरचा आकडा वाचावा.

चाकांच्या वर येते ती फ्रेम, खेळाडू जिला चॅसी म्हणतात. बैलगाडीचा साटा आणि आख यांचे काम ही एकटी करते. साधी फ्रेम प्लास्टिक-मिश्रित, चांगली अ‍ॅल्युमिनियमची, काही महागड्या मॅग्नेशियमच्या. फ्रेमची सगळी गणिते चाकाच्या व्यासावर ठरतात. हॉकीत चाके साधारण 68 ते 80 मिलिमीटरची असतात. 80 ची चार चाके एका ओळीत बसवायची तर दोन आखांमध्ये 80 पेक्षा थोडे जास्त अंतर हवे. ते 81 धरले तर तीन अंतरे मिळून पहिल्या आखापासून शेवटच्या आखापर्यंत 243 मिलिमीटर होतात. 76 ची चाके असतील तर तेच अंतर 231 वर येते. फरक फक्त बारा मिलिमीटरचा, पण मैदानावर तो लगेच जाणवतो. लांब फ्रेम सरळ धावताना स्थिर राहते, आखूड फ्रेम जागच्या जागी वळते. वेगाच्या शर्यतीत 110 मिलिमीटरची चाके वापरतात, कारण तिथे वळणे मोठी आणि आधीच माहीत असतात. हॉकीत पक कुठे उसळेल ते कोणालाच माहीत नसते, म्हणून इथे चाक लहान आणि फ्रेम आखूड.

यातून हॉकीने आपली खास युक्ती काढली, हाय-लो. पुढची दोन चाके 76 ची, मागची दोन 80 ची. टाच किंचित वर राहते, अंगाचा भार पुढे झुकतो, गुडघे वाकलेले राहतात आणि खेळाडू सतत झेप घेण्याच्या तयारीत असतो. फ्रेमही चारही 80 च्या चाकांपेक्षा आखूड बसते. ज्याला अचूक वळायचे आहे त्याने ही फ्रेम घ्यावी. ज्याला मोठ्या रिंकवर लांब धावा घ्यायच्या आहेत, त्याला चारही 80 ची आवडते. लहान पावलाच्या मुलांना चारही 72 किंवा 76 पुरतात. मोठी फ्रेम लहान बुटाखाली टाचेमागे आणि चवड्यापुढे उगाच बाहेर येते.

फ्रेम बुटाखाली नेमकी कुठे बसली आहे तेही पाहावे. टाचेच्या मध्यापासून दुसऱ्या बोटापर्यंत मनात रेघ ओढली तर चाकांची रांग साधारण त्या रेघेखाली असावी. ज्याचे घोटे आत झुकतात त्याच्यासाठी फ्रेम किंचित आतल्या बाजूला घेतली तर पाय सरळ उभा राहतो. हॉकीच्या बुटाला फ्रेम बहुधा रिव्हेटने पक्की ठोकलेली असते, त्यामुळे ही दुरुस्ती म्हणजे जुने रिव्हेट ड्रिलने काढणे, छिद्रे भरणे आणि नवी पाडणे. हेच काम बर्फावरच्या हॉकीचा जुना बूट इनलाइनसाठी वापरायला घेतानाही करतात. पोलादी पाते उतरवतात आणि त्या जागी चाकांची फ्रेम ठोकतात. हाताला सवय असलेल्या कारागिराने आधी कागदावर छिद्रांची खूण करून, मग हळूहळू केले तर हे काम नीट होते. घाईत पाडलेले एक तिरपे छिद्र मात्र बूट कायमचा वाकडा करते.

आता बूट. सगळ्यांत जास्त पैसे इथे घालावेत आणि सगळ्यांत जास्त वेळही. आपल्याकडे एक सवय आहे, शाळेचा गणवेश घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. बाही दुमडू, पुढच्या वर्षी सोडू. आईबापांची ती काटकसर मनापासून समजते, पण स्केटच्या बुटात ती पोराच्या घोट्याला भोवते. सैल बुटात पाय आत वळतो आणि फ्रेम जागेवरच राहते. मुलाने दिलेला जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. मूल वाढीचे असेल तर कळ दाबून दोन-तीन मापे वाढवता येणारे बूट मिळतात, ते घ्यावेत. मोठा नंबर घेऊ नये.

नंबरावर भरवसा ठेवू नये, याचे आणखी एक कारण आहे. आपल्याकडच्या बुटांचे नंबर बहुधा ब्रिटिश मापाचे असतात आणि हॉकीच्या बुटांच्या बड्या कंपन्या उत्तर अमेरिकेतल्या. शिवाय हॉकीचा बूट रोजच्या बुटापेक्षा लहान नंबरचा घेण्याची रीत आहे. म्हणून पाऊल मिलिमीटरमध्ये मोजावे. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहायचे, सर्वांत लांब बोटापुढे खूण करायची, आणि चवड्याची रुंदीही घ्यायची. दोन पायांत फरक निघाला तर मोठ्या पायाचे माप धरावे.

बूट हातात आल्यावर तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली, सरळ उभे राहिल्यावर अंगठा पुढच्या टोपीला जेमतेम लागावा. गुडघे वाकवल्यावर टाच मागे सरकते आणि बोटे मोकळी होतात. दुसरी, टाच वर उचलण्याचा प्रयत्न केला तर ती हलू नये. तिसरी पेन्सिलची. नाडी न बांधता जीभ पुढे ओढावी आणि नाडीच्या वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवावी. पेन्सिल पायाला टेकून उचलली गेली तर बूट उथळ आहे आणि पायाचा उंचवटा त्यात मावणार नाही. टेकली नाही तर खोली पुरेशी आहे.

बरेच हॉकी बूट उष्णतेने पायाचा आकार घेतात. बनवणाऱ्याने सांगितले असेल तरच, साधारण 80 अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही मिनिटे गरम करून, पायात घालून, नाडी बांधून बसायचे. बूट थंड होईपर्यंत उभे राहायचे नाही. तरीही करंगळीपाशी किंवा घोट्याच्या हाडापाशी बोचत असेल, तर तेवढाच भाग ताणून घेता येतो. बाजारातला बूट शिवणारा कारागीर लाकडी फर्मा घालून चामड्याचा बूट ढिला करतो, ती विद्या इथेही लागू पडते. बोचण्याच्या जागेवर खडूने खूण करून नेले की काम नेमके होते.

सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे बेअरिंग. एका चाकात दोन, एका बुटात आठ, जोडात सोळा. बहुतेक स्केट्समध्ये 608 मापाचे असते: आतले छिद्र 8 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 22, जाडी 7. मुलांच्या फिजेट स्पिनरच्या मध्यभागीही हेच बेअरिंग फिरत असते. त्यावर एबेक 5, 7, 9 असे आकडे छापतात आणि आकडा वाढला की वेग वाढतो असा समज आहे. तो आकडा घडणीतली अचूकता सांगतो. देगलूरच्या काळ्या मातीची धूळ आत गेली की नऊचे बेअरिंगही पाचच्या मागे पडते. म्हणून इथे आकड्यापेक्षा रबरी झाकण महत्त्वाचे.

खेळून आल्यावर अ‍ॅलन कीने एक आख सैल करा. चाक हातात येते. आतल्या कडेवरून बोट फिरवा, ती बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलेली असते, कारण पाय ढकलताना आतली कड जमिनीला घासते. आता पहिले चाक तिसऱ्याच्या जागी, दुसरे चौथ्याच्या जागी, आणि प्रत्येक चाक उलटे करून बसवा. आतली कड बाहेर येते आणि झीज सारखी होते. हाय-लो फ्रेममध्ये मात्र मापे वेगळी असल्याने पुढच्या दोघांची आपसात आणि मागच्या दोघांची आपसात, किंवा उजव्या-डाव्या बुटांतल्या चाकांची अदलाबदल करावी. बेअरिंग करकरत असेल तर झाकण अलगद काढून रॉकेलमध्ये धुवावे, पूर्ण वाळवावे, तेलाचा एक थेंब सोडावा आणि बोटावर फिरवून पाहावे. आवाज गेला पाहिजे.

चाकांच्या बुटांवर भारताने पदकेही मिळवली आहेत. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुपकुमार यामाने कलात्मक स्केटिंगमध्ये कांस्यपदक मिळवले. हांगझौच्या आशियाई स्पर्धेत 2 ऑक्टोबर 2023 रोजी भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी 3000 मीटर रिलेत कांस्य जिंकले. त्या पुरुष संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही नावे होती. ही पदके शर्यतीची आणि कलेची, हॉकीची नव्हेत. पण ती सगळी चाकांवरच मिळाली, आणि हैदराबाद तर देगलूरहून महामार्गाने सरळ गाठता येते.

एखाद्या घरात हा खेळ येणार असेल तर पैशांचा क्रम असा ठेवावा. आधी पायाला बसणारा बूट, मग जमिनीला जुळणारी चाके, मग डोक्यावर हेल्मेट आणि गुडघ्या-कोपरांना पॅड, ज्यात काटकसर करायची नाही. बेअरिंग सर्वांत शेवटी. आणि जोडासोबत एक अ‍ॅलन की मुलाच्या हातात द्यावी. संध्याकाळी कोब्यावरून खेळून आल्यावर पायरीवर बसून, बोटाने कड तपासून, जे पोर स्वतः चाके उलटी करून बसवते, त्याला दुसऱ्या दिवशी वळणावर पाय कुठे टाकायचा हे कोणी सांगावे लागत नाही.