नक्षी नंतर, ओलावा आधी

व्हर्सायच्या राजवाड्यात 1684 साली संगमरवराच्या जागी लाकडी जमीन बसवायला सुरुवात झाली, ती घरकामाच्या एका अडचणीमुळे. संगमरवर सतत धुवावा लागे, पाणी खाली झिरपे आणि आधाराच्या लाकडी तुळया कुजत. तोडगा म्हणून सुतारांनी ओकच्या सुमारे मीटरभर लांबी-रुंदीच्या चौकटी बनवल्या, आत तिरक्या पट्ट्यांची जाळी विणली आणि सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के केले. आज ‘पार्के’ म्हणून जगभर विकल्या जाणाऱ्या लाकडी जमिनींत हीच नक्षी सर्वांत मानाची समजली जाते.

तिचं सौंदर्य दिसतं, पण तिचं काम समजून घ्यावं लागतं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत त्याचा फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत मात्र पडतो. 100 मिलिमीटर रुंदीची ओकची साधी चिरलेली फळी घ्या. तिच्यातला ओलावा 9 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर गेला, तर ती सुमारे 2 मिलिमीटर फुगते. अशा 30 फळ्या शेजारी-शेजारी घट्ट बसवल्या, की भिंतीकडे 6 सेंटिमीटर सरकायला निघालेली जमीन तयार होते. भिंत हटत नाही, म्हणून जमीन मधूनच उचलली जाते. छोटे तुकडे वेगवेगळ्या दिशांनी जोडले, की हा जोर एकाच बाजूला साठत नाही. पार्केची सगळी युक्ती यातच आहे.

छोट्या तुकड्यांचा दुसरा फायदा काटकसरीचा. 1946 साली बॉस्टनमध्ये बास्केटबॉलचं मैदान बांधायचं होतं आणि नुकत्याच संपलेल्या महायुद्धामुळे लांब फळ्यांची टंचाई होती. तेव्हा टेनेसीच्या ओकचे उरलेसुरले तुकडे जोडून 5 फुटी चौकोन केले गेले. हे चौकोन बोल्टने जोडलेले असल्यामुळे उचलून ठेवता येत आणि त्याच जागी बर्फावरची हॉकी खेळता येई. ‘बॉस्टन सेल्टिक्स’ हा संघ त्या जमिनीवर 1999पर्यंत खेळला.

घरासाठी आज बहुतेक जण अखंड लाकूड घेत नाहीत, थरांचं घेतात. स्वीडनमध्ये गुस्ताफ केर यांनी 1941 साली तीन थरांच्या फळीचं पेटंट घेतलं. एका थराचे तंतू आडवे, दुसऱ्याचे उभे, म्हणजे एकाचं फुगणं दुसरा रोखतो. दुकानात गेल्यावर वरच्या खऱ्या लाकडाच्या थराची जाडी आवर्जून विचारावी. युरोपीय मानकानुसार तो किमान 2.5 मिलिमीटर असेल, तरच त्या मालाला पार्के म्हणता येतं. त्याहून पातळ थर पुन्हा घासता येईलच असं नाही. आणि लॅमिनेटवर दिसतं ते लाकडाचं छापील चित्र. त्याला लाकडाचा भाव देऊ नये.

मुंबईत किंवा कोकणात ओलाव्याचा प्रश्न जास्त तीव्र होतो. जुलैत इथली आर्द्रता बहुतेक वेळ 80 टक्क्यांच्या वर असते आणि एसीच्या खोलीत ती बरीच खाली येते. त्यामुळे एकाच घरातल्या दोन खोल्यांतलं लाकूड वेगवेगळं वागतं. इथे साग उजवा ठरतो. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत ओक रुंदीत 10.5 टक्क्यांपर्यंत आकसतो, साग 5.8 टक्क्यांपर्यंत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचा नावलौकिक मोठा आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून साग गेला. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे ग्लू मात्र नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याआधी तो पुसून घ्यावा लागतो.

बसवण्याच्या कामात निम्मी मेहनत लाकूड उघडण्याआधीची आहे. कोब्यावर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावं. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, तर काम थांबवावं, कंत्राटदार कितीही घाई करो. हा झाला घरगुती अंदाज. पक्कं माप ओलावा मोजणाऱ्या मीटरनेच घ्यावं. मग 2 मीटरची पट्टी फिरवून कोबा सपाट आहे ना ते पाहतात, कारण 3 मिलिमीटरचा खड्डाही नंतर पावलाखाली करकरतो.

हेरिंगबोन म्हणजे छोट्या फळ्या काटकोनात जुळवून केलेली नागमोडी नक्षी. तिची सुरुवात भिंतीपासून होत नाही. कारागीर खोलीच्या मधोमध सूत मारतो, गुण्या लावून पहिल्या दोन फळ्या काटकोनात जुळवतो आणि दातेरी पत्र्याने ग्लू पसरतो. पहिल्या काही ओळींवर तो सर्वाधिक वेळ घालवतो, कारण तिथे केसभर चूक झाली तर दहा फुटांवर बोटभर दिसते. कडेला 10 ते 15 मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात. ही फट सिमेंटने भरणारा गवंडी जमिनीचं नुकसानच करतो. तिरक्या कापांमुळे माल साधारण 10 टक्के जास्त मागवावा लागतो.

शेवटचं काम घासण्याचं: आधी जाड दाण्याचा कागद, मग मध्यम, मग बारीक. वर तेल किंवा लॅकर. तेलाच्या जमिनीवरचा ओरखडा तेवढ्याच जागी दुरुस्त होतो. लॅकर जास्त टिकतं, पण खराब झालं की सहसा सगळी खोली घासावी लागते. रोज ओल्या फडक्याने लादी पुसायची सवय दोन्हींना मानवत नाही.

तळमजल्यावरच्या घरात पावसाळ्यात भिंतींना ओल येत असेल किंवा वाळवीचा त्रास असेल, तर पार्केचा विचार सोडून शहाबादी किंवा मोझॅकच घ्यावी. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या, हवेशीर खोलीत मात्र थोडा जास्त खर्च करून चांगल्या जाडीची सागाची हेरिंगबोन जमीन जरूर बसवावी, आणि कारागिराशी भाव ठरवताना ओलावा मोजण्याचं काम त्यात लिहून घ्यावं.